बाभळीचं लाकूड: जळणाच्या भावात मिळतं, पण घाई करणाऱ्याला महागात पडतं

मागच्या व्हिडिओत मी दुकानातला बाभळीचा दांडा हातात धरून दाखवला होता. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच. "सर, बाभूळ आमच्या बांधावर आहे, स्वस्तात मिळते. तिचा धंदा होईल का?"

होईल. पण उत्तरात थोडं गणित आहे, थोडं लाकडाचं शास्त्र आहे आणि माझी एक फजिती आहे. व्हिडिओत ते बसत नाही, म्हणून इथं लिहितोय. सुरुवात फजितीपासूनच करू, कारण बाकीचं सगळं मी तिच्यातूनच शिकलो.

२०२१ ची गोष्ट. पन्हाळ्यातल्या माझ्या दुकानात तेव्हा पोळपाट-लाटणी, खुंट्या, खेळणी असा पर्यटकांचा माल जास्त असायचा. लॉकडाऊनमुळे पर्यटक बंद झाले, म्हणून मी शेतीच्या अवजारांच्या दांड्यांकडं वळलो. एका रोपवाटिकेची ऑर्डर मिळाली. कुदळी आणि फावड्यांचे २५० दांडे, ११० रुपयांना एक. म्हणजे २७,५०० रुपये. त्या दिवसांत एवढी ऑर्डर म्हणजे लॉटरीच. बाभळीचा ताजा तोडलेला माल उचलला, सॉ मिलवर चिरून आणला, लेथवर गोल केला, तेल लावलं आणि तीन आठवड्यांत पोच केला. दांडे दिसायला असे सुरेख, की मीच फोटो काढून स्टेटसला ठेवले.

दोन महिन्यांनी टेम्पो परत आला. ९६ दांडे. काही कुदळीच्या नेढ्यात खुळखुळत होते, काही टोकाला उभे तडकले होते आणि काहींच्या खाली पिठासारखा बारीक भुसा पडत होता. मी बाजारातून ८५ रुपयांप्रमाणे तयार दांडे घेऊन बदलून दिले. ८,१६० रुपये गेले. ते गिऱ्हाईक मात्र परत आलं नाही.

आमच्या भागात एक जुने सुतार आहेत, त्यांना सगळे तात्याच म्हणतात. त्यांच्याकडं एक दांडा घेऊन गेलो. त्यांनी तो तळहातावर तोलला, कानाजवळ नेऊन बोटानं टकटक केलं आणि म्हणाले, "लाकूड बाभळीचंच हाय लेका. पण ह्यो अजून दांडा झालेला न्हाई. झाडच हाय अजून."

मी म्हणालो, "तात्या, पण वरून तर कोरडा दिसतोय की."

"वरनं तू बी शहाणा दिसतोस."

बीबीएला आम्हाला मार्केटिंगचे चार पी शिकवले होते. लाकडाच्या धंद्यात पाचवा पी असतो आणि तो म्हणजे पाणी, हे मला तात्यांच्या अंगणात कळलं.

आता आधी लाकडाची ओळख करून घेऊ. बाभळीचं शास्त्रीय नाव पूर्वी अकेशिया निलोटिका होतं, आता व्हॅचेलिया निलोटिका म्हणतात. आतला गाभा गुलाबीसर ते लालसर तपकिरी असतो आणि हवा लागत जाईल तसा गडद होतो. सालीखालचा पट्टा पांढरा-पिवळसर असतो. वाळल्यावर घनमीटरला ८०० किलोच्या आसपास वजन भरतं, सागवानाचं ६५० च्या आसपास. आपल्या घनफुटाच्या भाषेत सांगायचं तर बाभूळ साडेबावीस किलो आणि साग साडेअठरा किलोच्या जवळ. म्हणजे बाभूळ जड, कडक आणि चिवट. यातला चिवट हा शब्द महत्त्वाचा आहे. काही लाकडं कडक असतात पण दणका बसला की फटकन तुटतात. बाभूळ दणका सोसते, कारण तिचे तंतू बऱ्याचदा सरळ न जाता एकमेकांत गुंतलेले असतात.

म्हणूनच आपल्या जुन्या लोकांनी जिथं मार बसतो आणि घासलं जातं तिथं बाभूळ वापरली. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा आणि आरे, नांगर, कुळव, मुसळ, तेलाचा घाणा. लोखंडी चरक यायच्या आधी ऊसही लाकडी चरकातच पिळला जायचा आणि त्याचे लाट बाभळीसारख्या कठीण लाकडाचे असायचे. १९०३ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमीन बाधते या समजुतीपायी शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. पुढं तोच नांगर घरोघरी गेला आणि लाकडी नांगर माळ्यावर चढला. पण गंमत बघा, शंभर-सव्वाशे वर्षांनंतरही कुदळ लोखंडाची आणि दांडा लाकडाचाच आहे. लोखंडी पाइपाचा दांडा बाजारात मिळतो, पण दिवसभर खणणाऱ्या माणसाला विचारा. पाइप हाताला झिणझिण्या आणतो, लाकूड दणका पिऊन टाकतं. तुमचं मार्केट तिथं आहे.

माल घेताना पहिली चूक नावात होते. मला फोन येतात, "सर, आमच्याकडं बाभूळ आहे." फोटो बघितला तर सुबाभूळ! सुबाभूळ वेगळं झाड आहे. तिला काटे नसतात, फुलं पांढरी, शेंगा चपट्या. ती कागदाच्या लगद्याला जाते, दांड्याला तिचा भरवसा धरू नका. आमच्याकडच्या डोंगरउतारांवर लागवड केलेली दिसते ती ऑस्ट्रेलियन बाभूळ, तिची शेंग पिळवटून वेटोळी झालेली असते. आणि माळावर, ओढ्याकाठी माजते ती वेडी बाभूळ, म्हणजे प्रोसोपिस, मूळची अमेरिका खंडातली. तिचं लाकूडही कडक असतं, पण लांब सरळ तुकडा निघणं मुश्कील. आपली देशी बाभूळ ओळखायची ती शेंगेवरून. मण्यांच्या माळेसारखी, प्रत्येक बीनंतर आवळलेली. पिवळ्या गोंड्यासारखी फुलं, जोडीनं येणारे पांढरे काटे, काळपट भेगाळलेली साल. त्यातही रामकाठी नावाचा प्रकार आहे, त्याच्या फांद्या पसरत नाहीत, खराट्यासारख्या सरळ वर जातात. रामकाठीचं खोड दिसलं तर भावाची घासाघीस जास्त करू नका, सरळ माल फार कमी मिळतो.

पन्हाळ्याला पाऊस जास्त, त्यामुळं आमच्या पश्चिमेकडच्या पट्ट्यात जांभूळ, ऐन अशी झाडं दिसतात. बाभूळ काळ्या जमिनीची आणि कमी पावसाची. शिरोळ, हातकणंगले, मिरज, तासगाव, पुढं सोलापूरकडं. म्हणजे माझ्यासारख्याला ती खालून आणावी लागते आणि वाहतुकीचा खर्च धरावा लागतो. तुम्ही त्या पट्ट्यातले असाल तर माझ्यापुढं एक पाऊल आधीच आहात.

आता मुख्य विषय, पाणी.

लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आकसत नाही, आकसतं ते रुंदीत आणि जाडीत. बाभळीत आडवं आकसणं पाच टक्के धरून चला. ३८ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे दीड इंची दांडा जवळजवळ दोन मिलिमीटर बारीक होणार. कुदळीच्या नेढ्यात दोन मिलिमीटर फट म्हणजे चार दणक्यांत कुदळ हलणार. मग शेतकरी काय करतो? कुदळ रात्रभर बादलीत भिजत घालतो. सकाळी दांडा फुगून घट्ट बसतो. पण लोखंडाच्या आत फुगायला जागा नसल्यानं तंतू चेंगरतात, आणि परत वाळला की दांडा आधीपेक्षा जास्त ढिला होतो. गिऱ्हाईक तुम्हालाच शिव्या घालणार, बादलीला नाही.

आणि त्या भुशाचं कारण वेगळंच होतं. सालीखालच्या पांढऱ्या लाकडात स्टार्च असतो, तो पोखरणाऱ्या किड्याचं खाद्य आहे. लाल गाभ्याला किडा सहसा लागत नाही, पांढऱ्याला हमखास लागतो. यावर जुना उपाय आहे. बाभळीचे ओंडके ओढ्यात किंवा डबक्यात बुडवून ठेवायचे. पाण्यात स्टार्च निघून जातो. मला आधी वाटायचं, वाळवायचं लाकूड पाण्यात कशाला? पण हे बुडवणं वाळवण्यासाठी नसतंच, किड्याचं जेवण काढून घेण्यासाठी असतं.

मी आता असं करतो. तोड झाली की साल काढून घेतो. ओलं असतानाच सॉ मिलवर पावणेदोन इंची चौरस पट्ट्या काढतो, कारण वाळलेली बाभूळ चिरायला गेलात तर पातं आणि मिलवाला दोघंही तापतात. नंतर या पट्ट्या सिमेंटच्या टाकीत दीड-दोन महिने बुडवून ठेवतो. पाणी काळं होतं, वास येतो, मधून मधून बदलावं लागतं. प्यायच्या विहिरीत किंवा मासे असलेल्या तळ्यात हे करू नका. मग सावलीत थप्पी. जमिनीपासून फूटभर उंच, प्रत्येक थरात आडव्या बारीक पट्ट्या, म्हणजे चारी बाजूंनी वारा खेळतो. दोन्ही टोकांना जुना ऑइलपेंट फासतो, कारण टोकाकडून पाणी सगळ्यात वेगानं निघतं आणि चिरा तिथूनच सुरू होतात. उन्हात अजिबात ठेवत नाही. घाईचं ऊन म्हणजे तडकलेला माल. एवढ्या जाडीला सहा ते आठ महिने लागतात. जाड तुंब्यासारखा माल असेल तर इंचाला एक वर्ष हा ठोकताळा धरा.

वाळलं हे ओळखायचं कसं? मॉइश्चर मीटर घेतलात तर बरं, साधा मीटर हजार-दोन हजारांत येतो, १२ टक्क्यांच्या आसपास आला की कामाला घ्या. मीटर नसेल तर किचनचा वजनकाटा पुरतो. थप्पीतला एक तुकडा खूण करून ठेवायचा, दर रविवारी त्याचं वजन वहीत लिहायचं. वजन घटायचं थांबलं की बाहेरच्या हवेशी त्याचा हिशेब मिटला. पण पन्हाळ्यासारख्या ठिकाणी राहत असाल तर जून ते सप्टेंबर हा खेळ करू नका. धुक्यात लाकूड परत ओल पितं आणि वजन उलटं वाढतं. माझ्या वहीत जुलैमधले आकडे बघून बायकोनं विचारलं होतं, "अहो, हे लाकूड वाढतंय का?"

बरं, आता धंद्याचं गणित. खालचे भाव उदाहरणासाठी आहेत, तुमच्या भागातले भाव टाकून परत मांडा.

समजा एक टन ओला ओंडका ५,००० रुपयांना मिळाला. वाहतूक १,००० आणि चिराई २,०००. झाले ८,०००. एक टन ओली बाभूळ म्हणजे साधारण ३३ घनफूट. पण त्यात वाकडेपणा आहे, गाठी आहेत, साल आहे. माझ्या हातात चांगला माल १३ घनफूटच येतो. पावणेदोन इंच चौरस आणि तीन फूट लांबीच्या पट्टीला ०.०६४ घनफूट लागतं, म्हणजे २०० पट्ट्या. वाळताना वीस तडकतील असं धरा. १८० राहिल्या. लाकडाची किंमत दांड्याला साडेचव्वेचाळीस रुपये. लेथ आणि मजुरी २५, घासकाम आणि तेल ६.

आता वाळवण्याची किंमत. आठ महिने ८,००० रुपये अडकले, १२ टक्के व्याज धरलं तर ६४० रुपये. भागिले १८०. साडेतीन रुपये.

परत वाचा. एका दांड्यामागं साडेतीन रुपये. २५० दांड्यांचे ८७५. मी २०२१ मध्ये ८७५ रुपये वाचवायला गेलो आणि ८,१६० घालवले, गिऱ्हाईक गेलं ते वेगळंच.

सगळे मिळून दांडा ७९ रुपयांना पडला. मी तो १३० ला विकतो, त्यात जागेचं भाडं, माझा पगार आणि दुसऱ्या दुकानातून गेला तर त्याचं कमिशन निघतं. शेजारच्या दुकानात निलगिरीचा दांडा यापेक्षा स्वस्त मिळतो. मी त्याच्याशी भावात भांडत नाही. मी सांगतो, "सहा महिन्यांत ढिला झाला तर बदलून देणार." हे वाक्य बोलायची हिंमत वाळलेल्या लाकडामुळं येते. मात्र खरी अडचण व्याजाची नाहीच, पहिल्या आठ महिन्यांची आहे. तेवढे दिवस काहीच विकायला नसतं. म्हणून फक्त बाभळीवर धंदा सुरू करू नका. चालू असलेल्या सुतारकामासोबत किंवा दुकानासोबत पहिली थप्पी लावा, आणि ती वाळेपर्यंत दर दोन महिन्यांनी पुढची लावत राहा. एकदा साखळी बसली की माल कायम तयार असतो.

काय बनवायचं? दांडे, सुताराच्या मोगऱ्या, मुसळ, खुंट्या, लाटणी, तंबूच्या मेखा. लाकडी घाण्याच्या तेलाला मागणी वाढल्यापासून घाण्याचे सुटे भाग हेही चांगलं काम आहे, पण ते जाड लाकूड आहे, दोन-तीन वर्षं वाळवायची तयारी असेल तरच त्यात उतरा. काय बनवू नये? मोठे कपाटाचे दरवाजे, रुंद फळ्या. बाभूळ पिळवटते, आणि जड दरवाजानं बिजागऱ्या निखळतात. सागाचं काम सागाला करू द्या. रंधा मारतानाही त्रास होतो, गुंतलेल्या तंतूमुळं एका बाजूनं गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूनं खरवडल्यासारखं. रंध्याचं पातं सारखं धार लावून ठेवा, कापायला कार्बाइडच्या दातांची चकती वापरा. खिळा ठोकायच्या आधी भोक पाडलंच पाहिजे, नाहीतर खिळा वाकतो किंवा लाकूड फुटतं.

लाटण्याला खायचं तेल लावू नका, शेंगदाण्याचं तेल काही दिवसांत खवट होतं. फूड ग्रेड मिनरल ऑइल आणि मधमाशीचं मेण एकत्र करून लावा.

अजून एक. बाभळीत टॅनिन भरपूर असतं. ओल्या बाभळीला साधं लोखंड लागलं की निळा-काळा डाग पडतो आणि तो निघत नाही, जुन्या काळी शाई याच मेळातून करत. म्हणून स्क्रू पितळी किंवा स्टीलचे वापरा. पण हाच दोष मी विकायलाही शिकलो. स्टीलवूल व्हिनेगरमध्ये चार दिवस भिजवायचं, ते पाणी गाळून वाळलेल्या बाभळीवर ब्रशनं लावायचं. बघता बघता लाकूड शिसवीसारखं काळं पडतं. रंगाचा डबा न उघडता! या काळ्या खुंट्या आणि चावी अडकवायच्या पट्ट्या पर्यटक घेतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत आपला पन्हाळाही आहे, त्यामुळं बाहेरचा माणूस इथून काहीतरी घेऊन जायला बघतोच. फक्त हा रंग खाण्याच्या भांड्यांना नको.

आणि साल टाकू नका. कोल्हापुरी चपलेचं चामडं परंपरेनं बाभळीची साल आणि हिरड्यावर कमावतात. त्या चपलेला २०१९ मध्ये जीआय मिळाला, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात आहेत. २०२५ मध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये तशीच चप्पल दाखवली आणि केवढा गदारोळ झाला ते आपण बघितलं. तेव्हा बातम्यांत चामडं होतं, कारागीर होते. चामड्याला तो रंग आणि टिकाऊपणा देणाऱ्या सालीचं नाव मी तरी कुठं ऐकलं नाही. तुमच्या जवळ चामडं कमावणारे असतील तर वाळलेली साल त्यांना विचारून बघा. पैसे थोडे येतात, पण ओळख होते.

कागदपत्रांचं थोडक्यात. महाराष्ट्रात वृक्षतोडीचा १९६४ चा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, जांभूळ, ऐन, चिंच अशी झाडं आहेत, बाभूळ त्यात नाही. म्हणून उठून कुऱ्हाड चालवायची असं नाही. गायरानातलं आणि रस्त्याकडेचं झाड तुमचं नसतं. शेतकऱ्याकडून घेताना सातबारा बघा, विक्रीची चिठ्ठी लिहून घ्या, आणि माल हलवायच्या आधी आपल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात वाहतूक पासाबद्दल विचारून घ्या. गाडी रस्त्यात अडली की त्या दिवसाचा सगळा नफा तिथंच संपतो. पारंपरिक सुतारकाम करणाऱ्यांसाठी पीएम विश्वकर्मा योजना आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, १८ व्यवसायांत सुतार आहेत. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि पाच टक्के व्याजानं आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज. नोंदणी गावच्या सीएससी केंद्रातून होते. कर्ज मिळालं तर आधी शेड आणि पहिली थप्पी, चकाचक मशीन नंतर.

माझी या वर्षीची दुसरी थप्पी मागच्या पडवीत आहे. खुणेच्या तुकड्याचं वजन गेल्या रविवारी १ किलो ४१० ग्रॅम होतं, या रविवारी १ किलो ४०५. एका ठेकेदाराचा रोज फोन येतोय, त्याला ६० दांडे हवेत. त्याला सांगितलंय, अजून पाच ग्रॅमचा प्रश्न आहे, पुढच्या रविवारनंतर या. तो हसला, पण थांबतो म्हणाला.